शिवराई घेताना: होतकरू संग्राहकांस सूचना

ऑलिम्पिकला जमलेले लोक एकमेकांच्या देशांचे बिल्ले अदलाबदल करून गोळा करतात. अमेरिकेतल्या डिस्नेच्या बागेत 1999 साली हाच खेळ रीतसर सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग नकली बिल्लेही आले. सातारा-सांगली पट्ट्यातही बिल्ल्यांना तोटा नाही. गणेश मंडळांचे आहेत, पक्षांचे आहेत, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेचे आहेत. पण अदलाबदलीचा छंद त्यांच्यावर पोसला जाईल असं वाटत नाही. पक्षाच्या बाबतीत तर आपल्याकडे बिल्ला जागेवर राहतो आणि माणसांचीच अदलाबदल होते. म्हणून या भागातल्या होतकरू संग्राहकाने शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं जुनं नाणं, धरावी, अशी आमची शिफारस आहे. ती तांब्याची आहे, इथली आहे, खिशाला झेपते आणि तिच्या नावावर फसवायला माणसं हजर आहेत. छंदाला याहून जास्त काय लागतं?

सुरुवात घरातूनच करावी. जुन्या घरात, देव्हाऱ्यात किंवा आजीच्या फणेरपेटीत, एखादं जाड काळपट तांब्याचं नाणं बरेचदा असतं. ते सापडल्यावर आनंदाच्या भरात चिंच, रांगोळी, पितांबरी यांतलं काहीही हातात घेऊ नये. नाण्यावरचा तो काळा-हिरवा थर बसायला दीड-दोनशे वर्षं लागलेली असतात आणि घालवायला चिंचेला पाच मिनिटं पुरतात. घासलेली शिवराई लक्ष्मीपूजनाला फार शोभते. संग्राहक मात्र तिच्याकडे बघून सुस्कारा टाकतो आणि भाव पाडतो. आजीला हे समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नये. तिने आयुष्यभर दर दसऱ्याला तांब्याची भांडी घासलेली असतात आणि तिचं काही अडलेलं नसतं.

आता वस्तूची ओळख. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हापासून सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघू लागली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, आणि भोवती ठिपक्यांचं कडं. इतकंच. अक्षरं देवनागरी, आणि ती खोदणारा कारागीर शुद्धलेखनाच्या पेपरात बसलेला नव्हता, त्यामुळे ‘शिव’चा ‘सिव’ होतो, ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, एखादं अक्षर उलटंही पडतं. मराठीच्या निवृत्त शिक्षकांनी अशी नाणी अशुद्ध म्हणून परत करू नयेत.

यातलं एक सत्य पचायला जड आहे, पण पचवावं. हातात येणाऱ्या बहुतेक शिवराया शिवाजी महाराजांच्या हयातीतल्या नसतात. साताऱ्यात 1708 साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या काळात, पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही ही नाणी पडत राहिली, गावोगावच्या टांकसाळींतून पडत राहिली, आणि इंग्रजी अंमलातही बाजारात चालत राहिली. दोन ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई तर उशिराचीच. म्हणूनच साधी शिवराई आजही काही शे रुपयांत मिळते. विकणाऱ्याला हे सांगून बघा. तो आधी दुखावतो, मग आवाज खाली आणून म्हणतो, “दादा, ही तसली न्हाय. ही महाराजांच्या हातातली.” महाराजांच्या हातातून इतकी नाणी गेली असती तर त्यांना गड घ्यायला सवड मिळाली नसती.

विक्रेत्यांचे दोन प्रकार आहेत. पहिला भंगार आणि तांब्याची मोड घेणारा. तो नाणी किलोवर घेतो आणि नगावर विकतो, पण निदान इतिहास सांगत नाही. दुसरा इतिहासच विकतो, नाणं सोबत फुकट देतो. साताऱ्यात राजवाड्यापाशी किंवा सांगलीत गणपती पेठेच्या कोपऱ्यावर तो चहा पाजतो. मग फडक्याची गाठ सुटते. “पाव्हणं, आमच्या रानात घावलंय. नांगरताना हंडाच लागला. भावकीला सुदीक ठावं न्हाय.” या क्षणी संग्राहकाने कायदा आठवावा. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. म्हणजे पाव्हण्याची गोष्ट खरी असेल तर त्याने गुन्हा केलेला आहे आणि तुम्ही त्यात भागीदार व्हायला निघाला आहात. सुदैवाने गोष्ट बहुधा खरी नसते. हंडा गेल्या महिन्यातला असतो.

नकली माल ओळखण्याची खरी जागा नाण्याची कड. अस्सल शिवराई ठोकून केलेली असते: तांब्याची चकती दोन ठशांमध्ये धरायची आणि वरून घाव घालायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे मजकूर पुरा बसत नाही, ‘छत्र’ मधला ‘छ’ निम्मा बाहेर जातो, कड ओबडधोबड होते, कधी तडकते. नकली शिवराई बहुधा ओतलेली असते. एखाद्या खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात धातू ओततात. मग अक्षरं साबणासारखी गुळगुळीत येतात, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची छिद्रं राहतात आणि कडेला साच्याच्या सांध्याची रेघ दिसते. ती कानशीने घासली असेल तर कानशीच्या खुणा दिसतात. सराफाकडचं भिंग घ्या आणि आधी कड बघा. नाव नंतर वाचा. लोक उलटं करतात: आधी नाव वाचतात, मग त्यांचे डोळे भरून येतात, आणि भरल्या डोळ्यांना कड दिसत नाही.

दुसरी गोष्ट वजन. जुनी शिवराई साधारण 11 ते 14 ग्रॅमची, नंतरच्या हलक्या. सोनाराच्या काट्यावर ठेवायला लाजू नये. तिसरी गोष्ट जुळी भावंडं. हाताने ठोकलेली दोन नाणी हुबेहूब सारखी असत नाहीत. फडक्यातल्या पाचही शिवरायांत ‘राजा’च्या कान्यावर तोच खड्डा आणि तोच तडा असेल, तर पाचहीजण एकाच साच्याच्या पोटचे आहेत. लोहचुंबकही जवळ असावा. तांबं त्याला चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड आहे. आणि हिरवा रंग नखाने खरवडून निघाला किंवा ओल्या बोळ्याला लागला, तर तो काळाने नव्हे, मिठाने आणि आम्लाने दिलेला आहे. शेणात पुरणे हीसुद्धा प्रचलित पद्धत आहे. तेव्हा वासही घ्यावा.

ज्या नाण्यावर महाराजांचा चेहरा आहे ते शिवकालीन नाही. अष्टकोनी राजमुद्रा कागदपत्रांसाठी होती, नाण्यांसाठी नव्हे. ती असलेला ‘अस्सल होन’ कालपरवाचा. चेहऱ्याचं एक खरं नाणं जरूर आहे: भारत सरकारने 1999 साली काढलेलं दोन रुपयांचं. ते अस्सल आहे आणि त्याची किंमत त्याच्यावरच लिहिलेली आहे. पेशव्याच्या नावाचा रुपयाही घेऊ नये, कारण मराठ्यांचे चांदीचे रुपये फारसी लिपीत आणि मोगल बादशहाच्या नावाने पडत. मिरजेच्या टांकसाळीचा पटवर्धनी रुपया घ्या, त्यावर गावाचं नाव मुर्तजाबाद आहे. असा अस्सल रुपया “हे आपलं वाटत नाही” म्हणून परत करायचा आणि शेजारची बनावट मोहर आदराने कपाळाला लावायची, हा आपल्या छंदाचा सर्वात महाग प्रकार.

सोन्याच्या होनाबद्दल थोडक्यात: तुम्हाला मिळणार नाही. माहीत असलेले अस्सल होन फारच थोडे. तरी कुणी दाखवलाच तर आपल्या भागाला एक जादा भ्रम आहे. खानापूर, आटपाडी, तासगावकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पसरलेली आहेत, त्यामुळे विट्याचा एखादा मेहुणा प्रत्येकाला असतो. तो कसोटीवर घासून छातीठोक सांगतो, “सोनं बावनकशी हाय.” बरोबर सांगतो. परंतु होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा. तेवढं सोनं घालून बनावट होन केला तरी करणाऱ्याला भरपूर सुटतं. मेहुणा सोन्याचं वय सांगू शकत नाही. आणि त्याच्याकडे फार वेळ ठेवलं तर तो धंद्याच्या सवयीने वितळवतो.

राम दरबाराचं चित्र आणि पाठीमागे ईस्ट इंडिया कंपनीचं ‘वन आना 1818’ असं तांब्याचं नाणं कुणी दिलं तर घेऊन देवघरात ठेवावं, संग्रहात नको. कंपनीने असलं नाणं कधी पाडलं नाही. भारतात एक आण्याचं नाणं 1907 साली आलं, तेही तांब्याचं नव्हतं. हेच नाणं तांदूळ ओढतं आणि परदेशी संस्था ते कोटींना घेते असं कुणी म्हणालं, तर तांदळाला लोखंडाची भुकटी लावलेली आहे का बघावं आणि पोलीस ठाण्याचा रस्ता विचारावा. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेते, असंही सांगणारे आहेत. बँकेने 2021 साली जाहीर निवेदन काढून तसं काही नसल्याचं कळवलं. ते निवेदन वाचूनही आगाऊ ‘प्रक्रिया शुल्क’ भरणारे लोक सापडतात. त्यांना आम्ही काय मार्गदर्शन करणार?

अदलाबदल करताना घाई नको. समोरचा संग्राहक तुमच्या शिवराईकडे बघत नाही असं दाखवतो तेव्हा त्याला तीच हवी असते. शंका आली तर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं मराठा टांकसाळी आणि नाण्यांवरचं 1989 सालचं इंग्रजी पुस्तक आहे. ते नाशिकजवळच्या अंजनेरीच्या मुद्राशास्त्र संस्थेने काढलं. ते उघडून शेजारी ठेवलं तरी निम्मे विक्रेते चहाचे पैसे देऊन निघून जातात.

विक्रेत्याच्या खात्रीला कधी भुलू नये. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जुलै 2024 मध्ये लंडनहून वाघनखं आली, आणि बघायला रांगा लागल्या. ती एके काळी साताऱ्यातला ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ याच्याकडे होती, आणि ती महाराजांचीच असल्याचं सोबतच्या डबीवर कोरलेलं आहे. तरी ज्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती पाठवली, त्याने ती नेमकी तीच असल्याची खात्री करता आलेली नाही असं स्वतःच सांगितलं. एवढं मोठं संग्रहालय ‘खात्री नाही’ म्हणतं. फडकं सोडणाऱ्या पाव्हण्याला मात्र नांगराचा तास आणि हंड्याचा रंगसुद्धा आठवतो. ज्याला सगळं माहीत आहे त्याच्याकडून काही घेऊ नका.

आणि वाचकहो, तुमच्याच रानात खरोखर हंडा लागला तर तो भावकीपासून जरूर लपवा, जिल्हाधिकाऱ्यापासून नको. कायद्यात दहा रुपये लिहिले आहेत, आणि तेवढ्यात आज झिजलेली पाव शिवराईसुद्धा येत नाही.