पहिलाधडे काका

काही माणसांना हातात घेतलेलं पुस्तक संपवायची घाई असते. पहिलाधडे काकांना नवीन पुस्तक सुरू करायची असते. सातबाऱ्यावरचं त्यांचं आडनाव वेगळं आहे, पण जानेफळात ते कोणी घेत नाही. आजवर हात घातलेल्या प्रत्येक विद्येचा पहिला धडा काकांना तोंडपाठ आहे आणि दुसऱ्याशी त्यांची ओळख नाही. पेटी शिकले ती पहिल्या अलंकारापर्यंत. तीस दिवसांत इंग्रजी शिकायला घेतलं, त्याचा पहिला दिवस अजून चालू आहे. रेशीम उद्योगावर ते तासभर बोलतात, पण त्यात अळी येत नाही. अळी दुसऱ्या धड्यात असते.

अशा माणसाच्या हाती नातवाचं नववीचं 'गणित भाग 1' पडलं. बालभारतीच्या या पुस्तकाचा पहिला धडा 'संच'. 'अर्थनियोजन' पहिलं छापलं असतं तर काकूंचं भलं झालं असतं, पण तो धडा सहावा आहे.

चार दिवस काका ओसरीत पुस्तक घेऊन बसले. पाचव्या दिवशी मेहकर-खामगाव रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर आले आणि म्हणाले, "जानेफळातली चांगली मानसं, हा संच होत नाही."

"चांगली मानसंच नाईत म्हून?"

"नाही ना बाप्पा! एकही नसता तर तो रिक्त संच झाला असता. रिक्त असला तरी संच तो संचच. पण चांगला कोन, हे कोन ठरवनार? मले जो चांगला वाटते तो तुले वाटत नाही. आत कोन अन् बाहेर कोन हे नक्की सांगता आलं, तरच संच. मेहकर तालुक्यातली गावं, हा संच. मतदार यादीतली नावं, हाही संच."

"त्यात तर मेलेलेही हायेत."

"असू दे. यादीत नाव हाय की नाही, एवढंच पाह्याचं."

इथपर्यंत काकांचं काही चुकलं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. किंबहुना नवशिक्याला जी पहिली पायरी अवघड जाते ती त्यांना सहज जमली. पंचाईत अशी की पहिली पायरी चढलेल्या माणसाला गच्चीवर आल्यासारखं वाटतं. काका मग गावाकडे वरून बघू लागले. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना जानेफळावरून जाते. तिचं दर्शन घेताना लोक हात जोडत होते, काका शेजारच्याला सांगत होते, "सांत संच हाय. दिसायले अनंत वाटते, पन मोजला तर संपते." ग्रामपंचायतीचं राजकारण तर त्यांनी एका ओळीत निकालात काढलं. दहा सदस्य धरले तर त्यांचे उपसंच 1024 होतात, आणि दहाही जण एकत्र असलेला त्यात फक्त एक. "मंग एकी कुठून होईन?" काकांनी विचारलं. याला दोन्ही पॅनेलांकडे उत्तर नव्हतं.

रिक्त संच हा प्रत्येक संचाचा उपसंच असतो, हे मात्र काकूंना पटेना. काकांनी समजावलं, "नाही म्हनायचं असन तर रिक्त संचातला असा एक घटक दाखव, जो दुसऱ्या संचात नाही. दाखव ना! हायच नाही तर दाखवशीन काय?" काकू पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "समजलं. काम काहीच नाही, अन् गावातल्या हरेक कमिटीत आपलं हायच." मंदिराची समिती, गणपती मंडळ, तंटामुक्ती, सगळीकडे काका आहेत, ही वस्तुस्थिती आहे. उपसंच आणि घटक यांतला फरक काकूंनी धरला नव्हता. पण तो दाखवून देण्याच्या मनःस्थितीत काका राहिले नाहीत.

शेवटी शाळेतल्या एका सरांनी त्यांना गप्प करण्यासाठी मोठं हत्यार काढलं. जर्मनीतल्या हाले गावी शिकवणाऱ्या जॉर्ज कँटरने 1874 साली सगळ्या अनंतता सारख्या नसतात हे दाखवलं, इथून त्यांनी सुरुवात केली. नैसर्गिक संख्यांतून सम संख्या तेवढ्या वेगळ्या काढल्या, तरी एकास एक जोडी लावली की त्या मूळच्या संख्यांइतक्याच भरतात, हेही सांगितलं. काका गप्प झाले नाहीत. ते थेट धाकट्या भावाकडे गेले. "आपली जमीन अनंत एकर असती, तर अर्धी तुले देऊनही माह्याजवळ तेवढीच राह्यली असती." भाऊ म्हणाला, "सध्या धुऱ्यावरचं लिंबाचं झाड कोनाचं, ते सांग."

मग सरांनी रसेल काढला. 1901 मध्ये बर्ट्रांड रसेलला या शास्त्राच्या पायातच एक पेच सापडला. तो न्हाव्याच्या गोष्टीतून सांगतात: गावात जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत त्या सगळ्यांची, आणि फक्त त्यांचीच, दाढी न्हावी करतो; मग न्हाव्याची कोण करतो? स्वतः केली तर नियम मोडतो, नाही केली तरी मोडतो. काका तसेच उठून सलूनमध्ये गेले, तोंडाला साबण लावून घेतला आणि प्रश्न टाकला.

"माही दाढी माहा भाऊ करते मेहकरले," कारागीर म्हणाला.

"बाहेरगावचा चालत नाही."

"मंग?"

"मंग असा न्हावी असूच शकत नाही. तू नाहीस."

कारागिराने वस्तरा खाली ठेवला. "मी नाही ते ठीक हाय काका. पन तुमची तीन दाढ्यांची उधारी हाय, ते गनितात कुठं बसते?"

खरा प्रसंग आला तो उन्हाळ्यात, पुतण्याच्या लग्नात. नवरी याच पंचक्रोशीतली, त्यामुळे निम्मे सोयरे दोन्हीकडचे. काकांनी याद्या मागवल्या. नवरदेवाकडची 600 नावं, नवरीकडची 500, दोन्हींत असलेली 150. घरचे 1100 ताटं धरून चालले होते. काकांनी आमंत्रणपत्रिकेच्या मागे दोन वर्तुळं काढली, मधला छेद रेघांनी भरला आणि 150 वजा करून 950 वर बोट ठेवलं. "घटक दोनदा मोजाचा नाही." आचाऱ्याने डोकं खाजवलं, पण वर्तुळांपुढे त्याचं काही चालेना.

लग्नाच्या दिवशी बुंदी दीड वाजता संपली.

झालं असं की छेदातल्या दीडशे जणांना दोन्हीकडून आवतण होतं. नवरदेवाकडचं माणशी, नवरीकडचं चूलबंद. दोन दोन आवतणं आल्यावर घरातलं कोणी मागे राहणं बरं दिसत नाही, म्हणून पोराबाळांसकट चुलीला कुलूप लावून सगळे आले. मान राखायचा म्हणून आधी वराकडच्या पंगतीला बसले, आणि वाईट वाटू नये म्हणून नंतर वधूकडच्या. घटक दोनदा लिहायचा नाही असा नियम आहे. त्याने दोनदा जेवायचं नाही असा कुठे नाही. वांग्याच्या भाजीत पाणी ओतत आचारी काकांकडे बघत होता. काका एवढंच म्हणाले, "सूत्र चुकलं नाही. मानसं चुकली."

रात्री आहेराची पेटी उघडली, तर त्यात एक पाकीट रिकामं निघालं, त्यावर नावही नाही. बायका कोणी केलं असेल याचे अंदाज बांधू लागल्या. काकांच्या चेहऱ्यावर मात्र दिवसभरात पहिल्यांदा तेज आलं. "पाह्य, पाकीट रिकामं हाय. पन पेटीत समजा हे एकच पाकीट असतं, तर पेटी रिकामी म्हनता आली असती का? नाही! तिच्यात एक घटक हाय. लोक इथंच चुकतात."

वही घेऊन बसलेला मोठा भाऊ म्हणाला, "मी काय लिहू?"

"एक."

"एक काय? रुपया?"

"घटक."

नातू या जूनमध्ये दहावीत जातो आहे. दहावीच्या गणित भाग 1 चा पहिला धडा 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हा आहे, आणि पुस्तक घरात आलेलं आहे. पंचक्रोशीत ज्यांच्याकडे लग्न निघालं असेल त्यांनी ताटांचा अंदाज कृपा करून आचाऱ्यालाच विचारावा.