फ्लेक्सगळ

येत्या १८ एप्रिलला आमच्या गावच्या वस्तुसंग्रहालयात जागतिक वारसा दिन साजरा होणार आहे. होणार म्हणजे होणारच, कारण फ्लेक्स लागला आहे. आपल्याकडे फ्लेक्स लागला की कार्यक्रम झाल्यातच जमा. उरतो तो फक्त मिसळीचा प्रश्न.

फ्लेक्स बारा बाय वीसचा आहे. त्यावर ठसठशीत लिहिलंय, ‘चला, वारसा जपूया!’ त्याची डावी दोरी अंगणातल्या कडुलिंबाला बांधली आहे. उजवीकडे झाड नाही. उजवीकडे एक वीरगळ आहे. तेव्हा उजवी दोरी वीरगळाला. जाणकार सांगतात की वीरगळातला ‘गळ’ म्हणजे कानडी ‘कल्लु’, म्हणजे दगड. मंडपवाल्याने मात्र तो गळाच समजून फास नीट बसवला आहे.

आधी मी संतापलो. मग अर्धा तास उन्हात उभा राहून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि लक्षात आलं की ही भावकीच आहे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत वीर पडलेला. बऱ्याचदा शेजारी गायी, कारण गावची गुरं कोणी वळवून नेत होतं, हा आडवा गेला आणि आडवाच झाला. त्याच्यावर लढाई. तिच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा हिशेब.

आता फ्लेक्स, तोही खालूनच वाचा. तळाच्या पट्टीत शुभेच्छुक, पासपोर्ट फोटोंच्या रांगेत, निम्म्यांना गॉगल, दोघांच्या कानाला मोबाइल. त्यांच्यावर आयोजक, आणि कोणाचा फोटो किती इंच मोठा यावरून झालेली लढाई बारकाईने पाहिल्यास दिसते. त्यांच्यावर प्रमुख पाहुणे, ढगांत तरंगणारे. (अप्सरांचं काम इथे छपाईवाल्याने केलंय.) आणि सगळ्यात वर, डाव्या-उजव्या कोपऱ्यांतल्या गोलांत, चंद्र-सूर्याच्या जागी, ते दोघे. हात जोडण्याची ढबसुद्धा तीच. कोण म्हणतो परंपरा तुटली? फरक इतकाच की वीरगळावर यायला आधी मरावं लागे, आणि मरूनही बहुतेकांचं नाव दगडावर येत नसे. बोरिवलीच्या एकसर गावात वीरगळांवर आख्खी आरमारी लढाई कोरलेली आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट. त्या वल्हेकऱ्यांना विचारा, शुभेच्छुकांत तरी नाव आलं का? आमच्या फ्लेक्सवर मी त्रेचाळीस नावं मोजली. एकानेही गाय सोडवलेली नाही. दोघांच्या तर स्वतःच्याच गायी भर चौकात बसलेल्या असतात.

कार्यक्रमपत्रिका अशी: नऊला दीपप्रज्वलन, दहाला सत्कार, अकराला उरलेले सत्कार, मग ढोलताशा, फेटा बांधून सेल्फी आणि मिसळ. तळाशी बारीक अक्षरांत टीप: ‘गर्दीमुळे त्या दिवशी संग्रहालयाची दालने बंद राहतील.’ बरोबरच आहे. वारसा जपायचा तो लोकांपासूनच.

शिलाहार या बाबतीत शहाणे होते. दान दिलं की त्याचा दगड उभारायचे आणि त्यावर गाढव कोरायचे. दान मोडणाऱ्याच्या आईशी ते गाढव कसं वागेल, हे चित्रच काढून ठेवत. घराघरांत वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात याहून अधिक सांगता येत नाही. गद्धेगळ म्हणतात त्याला. निरक्षरालाही कळेल असा कायदा! आज संरक्षित स्मारकापुढची निळी पाटी दोन वर्षं कैद आणि एक लाख दंडाची धमकी देते, आणि प्रेमवीर त्या पाटीच्याच मागे बदाम कोरतात. पाटीवर गाढव नाही ना.

शेवटी राहवेना. दोरी सोडायला मी हात घातला, तसा पहारेकरी धावत आला. “सर, सोडू नका! दगड पडंल.”

“दगड कसा पडेल?”

“पेव्हर ब्लॉक बसवले ना मार्चात. तवा उपटला हुता. मग ब्लॉकवर नुसता ठेवलाय. दोरी हाय म्हणून उभा हाय.”

पेव्हर ब्लॉक! इथे माझी विनोदबुद्धी संपते. या राज्यात मार्च महिना आला की निधी परत जाऊ नये म्हणून जिथे माती दिसेल तिथे पेव्हर ब्लॉक बसतात. देवळापुढे, शाळेपुढे, गडाच्या पायथ्याला, झाडाच्या बुंध्याला गळफास लागेल इतके घट्ट. पावसाचं पाणी जिरायला जागा नाही, मुंगीला बीळ नाही, आणि वीरगळाला पाय रोवायला वीतभर जमीन नाही. अहो, ज्याचा खालचा भाग जमिनीत गाडायचा म्हणूनच कोरायचा सोडलेला असतो, तो दगड तुम्ही फरशीवर फुलदाणीसारखा ठेवता? गुरांसाठी मेला बिचारा. शत्रूने एकदाच आडवा केला त्याला. तुम्ही अंदाजपत्रक मंजूर करून करणार! आणि मग त्याच अंगणात, त्याच ब्लॉकवर खुर्च्या मांडून मातीशी इमान राखण्यावर भाषणं!

असो. रक्तदाब वाढतो.

सांगायचं ते हे की फ्लेक्स १९ तारखेला उतरणार आहे. दोरीही नेणार, मंडपवाल्याने दोनदा बजावलंय. मी हयातभर फ्लेक्सविरुद्ध लिहीत आलो. आज हात जोडून मागणं मागतो: गावात ज्या कोणा युवा नेत्याचा, भावी नगरसेवकाचा, अगदी त्यांच्या श्वानाचाही वाढदिवस १९ एप्रिलला असेल, त्यांनी संकोच करू नये. जागा उत्तम आहे. उजवीकडे बांधायला सोय आहे. २० तारीख असली तरी एक दिवस आधी लावा. फक्त एकोणिसाची रात्र निघाली पाहिजे.