ऐकलंत का? साहेब मुद्द्यावर आले!

अहो, कानावर आलं ते खरं आहे. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या ऑफिसांत सध्या भलतंच खूळ शिरलंय. मंडळी चक्क मुद्द्याचं बोलतात! तेही पहिल्याच वाक्यात. ना ख्यालीखुशाली, ना ‘वरील विषयास अनुसरून’. मेलच्या विषयाच्या जागीच लिहून मोकळे: ‘तीन लॅपटॉप हवेत, गुरुवारपर्यंत मंजुरी द्या.’ शिव शिव! काही रीतभात?

एकीने तर म्हणे रजेचा अर्ज दोन वाक्यांत उरकला. लग्नासाठी शुक्रवारी रजा हवी, काम सोपवलं आहे. बस्स! लग्न कुणाचं, कुठल्या गावी, मुलगा काय करतो, काही म्हणजे काही नाही. आता मॅनेजरने दुपारच्या चहाला चघळायचं काय?

बरं, ही थेरं आजची नाहीत. 1940 चा ऑगस्ट. डोक्यावर जर्मन विमानं घिरट्या घालताहेत आणि चर्चिलसाहेब सहकाऱ्यांना चिठ्ठी धाडतात: अहवाल आखूड लिहा, परिच्छेद छोटे ठेवा, आकडेमोड मागे परिशिष्टात टाका, पोकळ शब्द गाळा. चिठ्ठी एका पानाची, हे त्यातल्या त्यात बरं. तिकडे अमेरिकी लष्करात तर निष्कर्ष आधी आणि कारणं मागाहून, असा शिरस्ताच आहे. म्हणजे कीर्तनाला प्रसादापासून सुरुवात!

पण खरा कहर केला ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी. जून 2004 मध्ये त्यांनी वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंटच हद्दपार केलं. ठिपके देऊन तुटक ओळी टाकायच्या नाहीत, सलग वाक्यांत टिपण लिहायचं. पुढे सहा पानी टिपणाची प्रथाच पडली. बैठक सुरू झाली की गलेलठ्ठ पगाराची माणसं आधी गुपचूप ते टिपण वाचत बसतात! आता सहा पानं म्हणजे काही थोडक्यात नव्हे. पण बेझोस यांचं म्हणणं असं की, वीस पानांच्या पॉवरपॉइंटपेक्षा चार पानांचं सलग टिपण लिहिणं अवघड, कारण त्यासाठी नीट विचार करावा लागतो. विचार! ऑफिसच्या वेळेत!

याउलट ‘स्मार्ट ब्रेव्हिटी’ हे 2022 चं पुस्तक घ्या. कमी शब्दांत लिहा हे सांगायला लेखक तिघे आणि पानं दोनशेच्या वर. याला म्हणतात व्यवहार.

आमचा राग मात्र निराळ्याच गोष्टीवर आहे. आखूड बोलणं चालवून घेऊ हो. ‘बघू’, ‘करतो’, ‘पाहून सांगतो’ यांहून आखूड ते काय असणार? पण हे खूळ स्पष्टही बोलायला लावतं. ‘यावर काम चालू आहे’ म्हटलं की पूर्वी महिनाभर निर्धास्त. आता लगेच विचारतात: कोण करतंय, कधी होणार, अडलंय कुठे? स्पष्ट वाक्यात माणूस रंगेहाथ सापडतो हो! पिढ्यान्‌पिढ्यांची ती सोय एका फटक्यात बंद. ‘सर्वांनी मिळून लक्ष घालावे’ असं लिहून कुणीच लक्ष न घालण्याची आपली थोर परंपरा आता चालवायची कुणी?

तेव्हा तुमच्या ऑफिसात कुणी पहिल्याच ओळीत काम, नाव आणि तारीख लिहिताना आढळलं, तर आम्हाला ताबडतोब कळवा. आणि हे पाहा, थोडक्यात नको. सगळं सविस्तर, अगदी पहिल्यापासून!