गोड आहे ना?

आमच्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "गोड आहे ना?" नाशिकमध्ये वाइनचं दुकान टाकलं तेव्हा वाटलं होतं, इथल्या गिऱ्हाइकाला द्राक्षातलं कळतं, शेनिन ब्लां की शिराझ असं काहीतरी विचारेल. बँकेतून निवृत्त झालेले शेजारचे काका तर बाटली ट्यूबलाइटसमोर धरून मधाची भेसळ तपासावी तशी निरखतात आणि म्हणतात, "मागची फार तुरट निघाली हो तुमची."

मला मात्र नाद चमत्कारिक चवींचा. धंद्याच्या दृष्टीनं हे दुखणंच. परदेशी मालावर सीमाशुल्क जबर. असल्या बाटल्या फळीवर मांडल्या तर रोज धूळ झटकण्यापुरताच त्यांचा उपयोग. म्हणून माझा पुरवठादार माझा भाचा. विमानानं येताना माणशी 2 लिटर आणायची मुभा असते, ती तो मामासाठी खर्च करतो आणि जाताना द्राक्षांची पेटी नेतो.

एकदा त्यानं ग्रीसची रेत्सिना आणली. पाइनची राळ घातलेली. आमच्या हिनं नुसता वास घेतला आणि सवयीनं हात जोडले. "अहो, हा तर धूप!" जॉर्जियाची वाइन तिला पटली, कारण ती जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात, सालीबियांसकट मुरवतात. या रांजणांना तिकडे क्वेव्री म्हणतात आणि त्या देशात वाइन करण्याचे पुरावे 8 हजार वर्षांपूर्वीचे आहेत. हिचं म्हणणं एवढंच, की रांजण आतून घासत कसे असतील?

पण खरी गंमत केली फ्रान्सच्या जुरा भागातल्या 'वॅं झोन'नं. नावाचा अर्थ सरळ, पिवळी वाइन. बाटली बुटकी, रुंद खांद्यांची आणि तिच्यात माल फक्त 620 मिलिलिटर. माझ्यातला दुकानदार आधी मापावरच अडला. मग कळलं, की एका लिटरमधलं पिंपात मुरून शेवटी उरतं ते एवढंच, असा तिकडचा हिशेब. साव्हान्यॅं जातीच्या द्राक्षांची ही वाइन 6 वर्षांहून जास्त मुरते. पिंपातली वाइन उडून पातळी खाली गेली तर इतरत्र ती लगेच भरून काढतात, इथे मुद्दाम तशीच ठेवतात. वर यीस्टची साय धरते. आमच्या आईनं लोणच्यावर असं काही पाहिलं असतं तर बरणी उचलून उकिरड्यावर नेली असती. जुरातली माणसं त्या सायीला जपतात आणि तिच्याखाली जे होतं त्याचे चांगले पैसे घेतात.

पुस्तकं सांगतात, हिला अक्रोडाचा वास येतो. मी ग्लास फिरवला, डोळे मिटले, अक्रोड शोधू लागलो. स्वयंपाकघरातून ही आली, वाकली, हुंगलं. "मेथी."

"कसली मेथी? फ्रान्सची वाइन आहे ती."

"असू दे. मेथी ती मेथी."

हट्टानं मी वाचत बसलो. सोटोलॉन नावाचं एक संयुग या वाइनला तो वास देतं, आणि मेथीदाण्याचा वासही मुख्यतः त्याचाच. जी गोष्ट शोधायला मला दोन रात्री लागल्या, ती हिनं पदराला हात पुसता पुसता सांगितली होती. तेव्हापासून नवी बाटली आधी हिच्या नाकाखाली जाते. मोबदला मागत नाही, हे माझं भाग्य.

उरलेली वाइन घोटभर चाखायला काकांना घरी बोलावलं. त्यांनी घोट घेतला, चेहरा काढा प्यायल्यासारखा झाला. "गोड नाही हो."

हिनं न बोलता डबा उघडला. सुनेच्या बाळंतपणासाठी केलेले मेथीचे लाडू होते. काकांनी अर्धा लाडू खाल्ला, वर एक घोट घेतला, थोडा वेळ घोळवला. मग उरलेला अर्धा तोंडात टाकून ग्लास पुढे केला.

"आता आहे."