छुपं मुळशी, स्वस्तात

चांदणी चौकात पावसाचे चार थेंब पडले की पुण्यातल्या झाडून सगळ्या होस्टेलांना एक शोध लागतो, मुळशी! मागच्या वर्षी लागला होता, त्याच्या आदल्या वर्षीही लागला होता. ‘हिडन स्पॉट आहे, कुणालाच माहीत नाही,’ असं रीलमध्ये सांगणाऱ्याच्या मागे ताम्हिणीपर्यंत लागलेली गाड्यांची रांग दिसत असते. ती बहुधा इफेक्ट म्हणून टाकलेली असावी.

गंमत अशी, की हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. म्हणजे आठवडाभर कंपनीच्या बसने मुळशीत जाऊन वैतागलेला माणूस शनिवारी मन रमवायला मुळशीत जातो. लवळ्याच्या टेकडीवर शिकणारी पोरं तर राहतातच तालुक्यात. तीही घरी फोन करून सांगतात, ‘मुळशीला जाऊन येतो.’

या सहलीला ‘स्टुडंट बजेट’ म्हणतात. हे बजेट मोठं चमत्कारिक असतं. कॉलेजची फी लाखांत, ती बापाच्या खात्यातून परस्पर जाते. तळ्याकाठच्या तंबूत झोपायचे माणशी हजार-बाराशे निमूट मोजले जातात. काटकसर सुरू होते ती थेट कणीसवाल्या मावशींपाशी. ‘दहा रुपये कमी करा ना मावशी, आम्ही स्टुडंट आहोत.’ मावशींचा मुलगाही स्टुडंटच असतो, पण त्याचं बजेट त्या कणसांवरच चालतं.

खरंच स्वस्तात जायचं, तर पीएमपीचा पास आहे. दोन्ही महापालिकांच्या हद्दीत दिवसाचे 70 रुपये, पीएमआरडीएची सगळी हद्द धरली तर 150. पौडला उतरा, पुढे एसटी, नाहीतर वडाप. पण पीएमपीच्या मागच्या सीटवर बसून वाऱ्यावर केस उडत नाहीत, फक्त आपण उडतो. तेव्हा तो पर्याय बाद.

फुकटातलं अनोळखी ठिकाण शहरातही आहे म्हणा. सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीच्या देवळावर दगडात गेंडा कोरलाय, साखळदंडाने बांधलेला, आणि त्याच्या आजूबाजूला गोरे शिपाई. अठराव्या शतकातली ही राजकीय टिप्पणी बघायला तिकीट नाही, रांग नाही. तेवढ्यासाठीच कुणी जात नाही. जिथे गाडी लावायला भांडावं लागत नाही, ते ठिकाण पाहण्यासारखं नसणार, अशी पुण्यात समजूत आहे.

तर मुळशी. पोरं धरणाच्या काठावर उभी राहून ‘नॅचरल लेक’ अशी कॅप्शन टाकतात. हे नॅचरल लेक टाटांनी वीज करायला बांधलं. त्याच्या पोटात मुळशीच्या मावळ्यांची भातखाचरं गेली, पन्नासेक गावांवर गदा आली. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, ही माणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली आणि काम थांबवलं. मेधाताईंचं नर्मदा आंदोलन व्हायला तेव्हा साठेक वर्षं अवकाश होता. पुढे काय झालं ते आपल्याकडे नेहमी होतं तेच झालं. जमिनी ज्यांच्या नावावर होत्या त्यांतले बरेच सावकार पुण्यात राहायचे. त्यांना भरपाईचा आकडा पटला, आणि कसणारा काठावर राहिला. पुढची गोष्ट ‘मुळशी पॅटर्न’मध्ये सगळ्यांनी पाहिलीच आहे. फक्त तो पॅटर्न 2018 चा आहे असं वाटून घेतलंय.

पाणी अडलं आणि सह्याद्री पोखरून खाली कोकणात भिऱ्याला गेलं. तिथे त्याची वीज होते, ती मुंबईला जाते. उरलेलं पाणी कुंडलिकेत पडतं आणि त्यावर कोलाडला राफ्टिंग चालतं. एका बुडालेल्या भातखाचरावर वरही पर्यटन, खालीही पर्यटन. इतका पुरेपूर वापर आपण दुसऱ्या कशाचा केलाय?

मुळशीच्या त्या सत्याग्रहाचा पुढारी स्वतः एकेकाळचा गरीब विद्यार्थी. पारनेरचा पोरगा, डेक्कन कॉलेजात शिकला, शिष्यवृत्तीवर एडिंबराला गेला. तिथे इंग्रजी राजवटीविरुद्ध बोलला, शिष्यवृत्ती गेली. मग गडी पॅरिसला जाऊन बॉम्ब करायला शिकून आला. स्टुडंट बजेटमध्ये परदेशात वेगळं काही ‘एक्सप्लोर’ करणं म्हणतात ते हे. परत आल्यावर पारनेरला हातात झाडू घेऊन रस्ते झाडायचा. मुळशीसाठी तुरुंगात गेला तो एकदा नव्हे, आणि शेवटच्या खेपेला सात वर्षांसाठी. सेनापती ही पदवी त्याला याच लढ्याने दिली. आज ताम्हिणीच्या वळणावळणावर वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या पडलेल्या असतात. म्हणजे झाडूला अजून काम आहे, सेनापती तेवढे नाहीत.

सरकारने मात्र आठवण ठेवली. ज्या मुंबईच्या दिव्यांसाठी मुळशी बुडाली, तिने दादरचा एक रस्ता त्यांच्या नावे केला. पुण्यानेही केला. त्या रस्त्यावर मॉल आहे, कॉफीची दुकानं आहेत, आणि नाव घ्यायला लांब पडतं म्हणून सगळे त्याला एसबी रोड म्हणतात.

गेल्या रविवारी पौडच्या टपरीवर तीन पोरं भिजून चहा पीत होती. कुठून आलात विचारलं.

‘एसबी रोडवरून, काका. तिकडेच रूम आहे.’

एसबी म्हणजे काय, म्हटलं.

एक म्हणाला, स्टेट बँक असेल. दुसरा त्याच्याकडे कीव येऊन पाहत म्हणाला, ‘सावित्रीबाई रे!’ तिसऱ्याने गूगल उघडलं.

रेंज नव्हती.