शाकाहारी अंड्याची कृती

शाळेच्या ग्रुपवर रात्री सव्वानऊला निरोप येतो : उद्या प्रत्येक मुलाने घरातल्याच वस्तूंनी सजवलेलं ईस्टरचं अंडं आणावं. अशा वेळी पालकांनी घाबरून जाऊ नये. आमच्या संगमनेरात तोवर स्टेशनरीवाल्याने शटर ओढलेलं असतं, त्यामुळे खर्चाचा प्रश्न आपोआप मिटतो. उरतो अंड्याचा.

खरं अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत आजीने कधी येऊ दिलेलं नाही. चिरंजीव ऑम्लेट खातात ते गाडीवर, आणि चूळ भरूनच घरी येतात. खोटं अंडं थर्माकोलचं असतं, आणि सजावटीच्या थर्माकोलवर राज्याने 2018 मध्ये व केंद्राने 1 जुलै 2022 पासून बंदी घातली आहे. थोडक्यात, खऱ्याला आजीची बंदी, खोट्याला सरकारची.

बंदीला वाट काढायची मात्र या गावाला जुनी सवय. 1929 साली इंग्रज सरकारने हनुमान जयंतीच्या रथाची मिरवणूक अडवली, तेव्हा झुंबरबाई औसक आणि त्यांच्या बरोबरच्या बायकांनी रथाचा दोर हाती घेतला. रथ निघाला. आजही तो मान बायकांचाच. त्याच परंपरेला जागून आजी म्हणाली, "नवा कशाला आणता? फ्रिजबरोबर आलेला ढीगभर पडलाय की माळ्यावर." सजावटीचा थर्माकोल विकत घेता येत नाही, फ्रिजच्या खोक्यातून तो घरपोच येतो.

रथाचा विषय मी उगाच काढलेला नाही. हनुमान जयंतीसारखा ईस्टरही पौर्णिमेवरूनच ठरतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, असा तो हिशोब. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला, गुरुवारी, आणि ईस्टर 5 तारखेला. दोन्ही पंचांगं अशी जुळली की पताका आणि झालरी घरात आयत्या असतात. (2024 मध्ये ईस्टर 31 मार्चला आणि जयंती 23 एप्रिलला. अशा वर्षी दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या शेपट्या कापाव्यात.)

अधिकृत सल्ल्यासाठी शेजारच्या ख्रिस्ती मावशींकडे जावं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 मध्ये, तेव्हा अनुभव दांडगा असणार, हा माझा समज. मावशी म्हणाल्या, "आमच्याकडं पहाटेची उपासना असते, मग दुपारी मटण. अंडी रंगवलेली मी टीव्हीतच पाहिली बाई." तरी त्यांनी अर्थ सांगितला. अंडं म्हणजे रिकाम्या कबरीची खूण. शिवाय युरोपात पूर्वी ईस्टरआधीच्या 40 दिवसांच्या उपासात अंडी वर्ज्य असत; कोंबड्यांना उपास नसल्याने अंडी साठत, आणि सणाला ती रंगवून वाटत. हे ऐकून आजी प्रथमच प्रसन्न झाली. "म्हणजे त्यांच्यातही उपासाला चालत नव्हतं!"

आता कृती. थर्माकोलचा ठोकळा भाजीच्या सुरीने ढोबळ कापावा आणि पॉलिशपेपरने घासावा. सुरी गॅसवर तापवण्याची हौस करू नये, धूर वाईट असतो. थर्माकोलमध्ये 98 टक्के हवा असते. उरलेले दोन टक्के सोफ्यावर, पंख्यावर आणि आजीच्या पातळावर सापडतात.

रंग हा विषय पुरुषमंडळींच्या हाती देऊ नये. आमच्याकडे 'ह्यांनी' फाटकाचा उरलेला चंदेरी ऑइलपेंट आणला, वर थिनर ओतलं. अंड्याचं पाहता पाहता सुकलेलं बोर झालं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी : थर्माकोल या सगळ्यांत विरघळतो. म्हणून पाण्यातले रंग आणि पांढरा फेव्हिकॉल, एवढंच. दुसरं अंडं रात्री साडेअकराला तयार झालं.

सुकवताना अंड्याला खराट्याची काडी टोचून ती काडी कांद्यात खोचावी. परदेशात यासाठी स्टँड मिळतो म्हणे. आपल्याकडे एप्रिलात कांद्याला एवढा तरी भाव द्यावा.

सजावटीला टिकल्या उत्तम : टाचणीत ओवून टोचल्या की गोंदही लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकांचा सोनेरी कागद वापरावा, पण कुणाची पत्रिका ते आधी पाहावं. आमच्या अंड्याच्या ढुंगणावर नणंदेच्या सासऱ्यांचं नाव आलं. मोहरीची नक्षी नाजूक दिसते. साबुदाणा मागू नये. "उपासाचा जिन्नस अंड्याला?" यावर उत्तर नाही. अखेर आजीनेच डब्याच्या तळातले अख्खे मूग काढून दिले आणि चष्मा लावून, एकेक करत, हिरवा पट्टा स्वतः चिकटवला. त्या मुगांना बारीक भोकं का होती हे रात्री दीड वाजता कोण बघतो?

शाळेत अंड्याचं कौतुक झालं. ते परत आल्यावर आजीने शोकेसमध्ये मांडलं, आणि आल्यागेल्याला "शाकाहारी आहे हो" असं सांगू लागली.

आठव्या दिवशी अंड्यातून जीव बाहेर आले. आधी दोन, संध्याकाळपर्यंत वीसेक, तपकिरी, पंखवाले, शोकेसच्या काचेवर चढणारे. चिरंजीव आनंदाने ओरडले, "आजी, उबलं!"

आजीने काच उघडली, अंडं पदरात न धरता सुपलीत घेतलं, आणि सगळ्यांकडे पाहत म्हणाली, "मी पहिल्यापासून सांगत होते, घरात अंडं नको."