के ऊपर

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, आरशाशेजारी, 'जाणून घ्या आपले उपनगर' असा लॅमिनेट केलेला कागद लागला आहे. त्यावरून कळलं ते असं: साहेबाने एकदा कुणाला तरी विचारलं, कुठे राहतोस? तो म्हणाला, 'घाट के ऊपर'. झालं घाटकोपर.

साहेबाला नेहमीप्रमाणे कमी ऐकू आलं, ते समजू शकतो. पण उत्तर देणारा कोण? इथल्याच किरोळ गावचा आगरी! बांधावर उभा राहून तो गोऱ्या माणसाशी अस्खलित हिंदीत बोलला.

एकदा ही किल्ली सापडली की कुलपं धडाधड उघडतात. दिव्याच्या पुढचं कोपर स्टेशन म्हणजे नुसतंच 'के ऊपर'. कशाच्या, ते सांगायच्या आत गाडी सुटली असणार. कोपरखैरणे म्हणजे 'के ऊपर खैरणे'. कोपरगाव तर गोदावरीकाठी, सपाट मुलखात. तिथे साहेबाने गावकऱ्याला बहुधा स्टुलावर चढवून विचारलं. आणि तुमच्या-माझ्या हाताचं कोपर? मनगट के ऊपर! व्युत्पत्ती इतकी चपखल बसली की मी त्या कागदाला तिथेच कोपरापासून नमस्कार केला. शेजारच्या वहिनी लिफ्टच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकल्या. कोपऱ्यात म्हणजे कशाच्या ऊपर, हे मी त्यांना विचारलं नाही.

पण संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. कोपर, कोपरा, कोपरी हे शब्द आपल्या घरातले. ते सोडून गावाचं नाव समजून घ्यायला हिंदीच्या दारात का उभं राहायचं? अंधेरी म्हणे तिथे अंधेरा होता म्हणून. मग शेजारी मरोळ, चकाला, गुंदवलीत काय बारा महिने दिवाळी होती? अहो, बोरिवलीत एक्सरला वीरगळ उभे आहेत, वल्ह्यांच्या नौकांची अख्खी लढाई दगडात कोरलेली. मागाठाण्याला सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची लेणी झोपड्यांच्या गर्दीत घुसमटून पडलीत. कागदावर त्यांची एक ओळ नाही, कारण तिथे साहेबाने कुणाला काही विचारलंच नाही.

काल लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. म्हटलं, आपल्या असल्फ्याचं काय हो?

"सोपं आहे," चौदाव्या मजल्यावर उतरता उतरता ते म्हणाले, "इथली हवा असल साफ होती. साहेबाला 'सा' ऐकू आला नाही."